डिजिटल मिक्सरमध्ये प्रीअँप गेन नेमकं काय करतो, आणि तो किती ठेवायचा?

तुमची अडचण अशी दिसते: कोथरूडमधल्या शंभरेक खुर्च्यांच्या सभागृहात अ‍ॅनालॉगच्या जागी डिजिटल मिक्सर आलाय. गाण्याच्या बैठकीत गेन (माईकचा सिग्नल किती मोठा करायचा ते) वाढवला की मॉनिटर (कलाकारासमोरचा स्पीकर) शिट्टी मारतो, आणि कमी ठेवला तर 'डिजिटलमध्ये क्वालिटी जाते' असं कुणीतरी तुमच्या डोक्यात भरवलंय.

डिजिटल मिक्सरमधला प्रीअँप डिजिटल नसतो, तो पूर्ण अ‍ॅनालॉगच असतो. माईकचा सिग्नल आधी प्रीअँपमध्ये मोठा होतो, मग कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचे आकडे बनतात. ईक्यू (जाड-बारीक आवाजाचा तोल), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), फेडर (आवाजाची सरकती पट्टी) हा सगळा पुढचा खेळ आकड्यांचा. कन्व्हर्टरला एक कमाल मर्यादा आहे, शून्य डीबीएफएस (डिजिटल मीटरचं सर्वांत वरचं टोक). सिग्नल तिच्यावर गेला की लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि तो फाटलेला आवाज फेडर खाली ओढून दुरुस्त होत नाही. फाटलेलाच, फक्त हळू ऐकू येतो.

आता हिशोब करून बघू. शुअर एसएम५८ माईक ९४ डीबी आवाजाला साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे -५२ डीबीयू (सिग्नलच्या व्होल्टेजचं डीबीतलं माप). गायक माईकजवळ तार सप्तकात गेला आणि माईकपाशी ११४ डीबी झाले, तर -३२ डीबीयू. समजा तुमच्या मिक्सरमध्ये +२४ डीबीयू म्हणजे शून्य डीबीएफएस. गेन ३८ ठेवला तर सिग्नल +६ डीबीयूला, म्हणजे मीटरवर -१८ ला येतो. गळ्याची टोकं सरासरीच्या दहा-बारा डीबी वर जातात, ती -६ च्या आसपास थांबतील. हा झाला बरोबर गेन.

याच गेनवर मंद्रातला ८४ डीबीचा आलाप -४८ ला दिसेल आणि इथेच बहुतेकजण घाबरून गेन वर ढकलतात. गरज नाही. चांगल्या प्रीअँपची स्वतःची खरखर इनपुटला मोजली तर -१२८ डीबीयूच्या आसपास असते. ८४ डीबीचा आलाप -६२ डीबीयू, म्हणजे मध्ये ६६ डीबीचं अंतर. उलट सभागृहातला पंखा आणि एसी माईकपाशी ४० डीबी धरला तरी तो -१०६ डीबीयू देतो, प्रीअँपच्या खरखरीपेक्षा २२ डीबी जास्त. तुम्हाला ऐकू येतो तो पंखा, आणि गेन वाढवला की तोही तितकाच वाढतो. 'मीटर लालच्या जवळ ठेवा' हा सल्ला टेपच्या आणि १६ बिटच्या (कन्व्हर्टरच्या कमी बारीक मोजणीच्या) काळातला. २४ बिटवर त्याचं ओझं वाहू नका.

साउंडचेकचा मात्र भरवसा ठेवू नका. 'हॅलो, चेक, एक-दोन-तीन' म्हणणारा गळा आणि समेवर येणारा गळा यांत सहज ८-१० डीबीचा फरक पडतो. म्हणून गायकाला त्याची सर्वांत मोठी तान घ्यायला लावूनच गेन लावा. तबल्याला तर टोकं -१२ लाच ठेवा. चाटीवरचा घाव इतका क्षणिक असतो की काही मीटर तो पूर्ण दाखवतच नाहीत.

शिट्टीबद्दल: गेननेच फीडबॅक येतो, फेडरने येत नाही, हा समज चुकीचा. माईकपासून स्पीकरपर्यंतची एकूण वाढ किती, एवढंच महत्त्वाचं. गेन ६ खाली आणि फेडर ६ वर केलात तर मुख्य स्पीकर तिथल्या तिथेच. मॉनिटरचं वेगळं आहे. त्याचा सेंड (चॅनेलमधून मॉनिटरकडे जाणारा फाटा) बहुधा प्री-फेडर असतो, म्हणजे फेडरला जुमानत नाही, पण गेनला जुमानतो. तुम्ही प्रेक्षकांसाठी गेन ३ वाढवलात की गायकाचा मॉनिटर ३ ने वाढला, तबलजीचाही, रेकॉर्डिंगही, आणि कॉम्प्रेसर जास्त दाबायला लागला. म्हणून कार्यक्रम सुरू झाल्यावर मी गेनला हात लावत नाही. आवाज कमी वाटला तर फेडर.

अगदीच क्लिप व्हायला, म्हणजे माथा कापला जायला लागलं तर? अनेक मिक्सरवर कन्व्हर्टरनंतरचा डिजिटल ट्रिम (लेव्हल थोडी वर-खाली करायची सोय) असतो. गेन ६ खाली, लगेच ट्रिम ६ वर. पुढच्या सगळ्या लेव्हल जागेवर राहतात. एकच स्टेजबॉक्स (रंगमंचावरची माईक जोडायची पेटी, प्रीअँप तिच्यातच) दोन मिक्सर वापरत असतील तर हे जास्तच जपा, कारण प्रीअँप एकच. यामाहाच्या सीएल-क्यूएलमध्ये यासाठी गेन कॉम्पेन्सेशन आहे (गेन बदलला तरी पुढची लेव्हल आपोआप तीच राखतं), ते चालू ठेवा.

आवाज फाटतोय पण मीटर -२० वरच आहे, असं दिसलं तर प्रीअँपला दोष देऊ नका. सिग्नल बहुधा आधीच फाटून आलाय. ढोलासमोर कंडेन्सर माईक (आत स्वतःचं सर्किट असलेला) ठेवला की हे होतं: माईकच्या आतलंच सर्किट भरून जातं आणि मिक्सरचा गेन कितीही खाली आणला तरी फरक पडत नाही. तिथे माईकवरचा पॅड (सिग्नल कमी करणारा स्विच) लावा, नाहीतर सरळ एसएम५८ सारखा डायनॅमिक माईक घ्या.

शेवटचं, सीनचं, म्हणजे मिक्सरमध्ये साठवून ठेवलेल्या सेटिंगचं. नाटकात प्रवेशागणिक सीन बोलावत असाल तर तालमीतला गेनही सीनबरोबर परत येतो. प्रयोगाआधी दुरुस्त केलेला गेन दुसऱ्या प्रवेशाला जुना होतो आणि माईक एकदम शिट्टी मारतो. रिकॉल सेफमध्ये (सीन बोलावल्यावर काय बदलू नये ते ठरवायची जागा) जाऊन प्रीअँप, आणि त्याच्याबरोबर माईकला वीज देणारा ४८ व्होल्टचा फँटमही, सगळ्या चॅनेलसाठी सेफ करा. मग एक सीन बोलावून आकडा हलत नाही ना, ते स्पीकर म्यूट ठेवून बघा.