लहान मुलं नवीन माहितीशी जुळवून घेत विचार करायला कशी शिकतात?

दीड-दोन वर्षांचं मूल गायीला ‘हम्मा’ म्हणायला शिकतं आणि मग म्हैस, शेळी, दिसेल त्याला हम्मा म्हणत सुटतं. हातात असलेल्या कल्पनेत ते नवी गोष्ट बसवून बघत असतं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांच्या सिद्धांतात हे सात्मीकरण. पण शेळी ‘बें बें’ करते, अंगानेही लहान, हे खटकलं की जुनी कल्पना मोडून शेळीसाठी वेगळी जागा करावी लागते. हे समायोजन. माझ्या मते खरी वाढ त्या खटकण्यातच आहे.

घरी करून बघा. दोन सारख्या पेल्यांत सारखंच पाणी घ्या. मुलासमोरच एकातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओता. चार वर्षांचं मूल बहुधा म्हणेल, उंच ग्लासात जास्त आहे. सातव्या वर्षाच्या आसपास तेच मूल सांगेल, “पाणी तेवढंच आहे, ग्लास बारीक आहे.” (वयं काटेकोर धरू नका, प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारला तर लहानांनाही बरंच कळतं, हे पुढच्या संशोधनात दिसलंय.)

उत्तर चुकलं तर कृपया लगेच सुधारू नका. पाणी परत पहिल्या पेल्यात त्यालाच ओतू द्या.