पहिला मॉर्गन डॉलर घेण्यापूर्वी

तुम्ही नाणेसंग्रहाची सुरुवात मॉर्गन डॉलर या जुन्या अमेरिकी चांदीच्या नाण्यापासून करत आहात, ही निवड उत्तम आहे. फक्त सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा: या नाण्याला दोन भाव असतात. त्यातल्या २४ ग्रॅम शुद्ध चांदीचा भाव रोज हलतो. साल, टांकसाळ आणि दर्जा यांमुळे मिळणारा वरचा भाव मात्र संग्राहकांच्या मागणीवर आणि उपलब्ध नाण्यांच्या संख्येवर चालतो.

ही संख्या कायमची ठरलेली नसते. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ सालचा डॉलर कोऱ्या अवस्थेत अत्यंत दुर्मीळ मानला जाई. १९६२ च्या अखेरीस अमेरिकी कोषागारातून त्याच्या पिशव्याच्या पिशव्या बाहेर आल्या आणि भाव कोसळला. प्रमाणित, म्हणजे दर्जा तपासून डबीत सीलबंद केलेल्या, नाण्यांचे भावही १९८९ च्या सुमारास गुंतवणूकदारांच्या पैशाने चढले आणि नंतर बरेच उतरले. म्हणून एकाच वर्षाचा आलेख पाहून खरेदी करू नका.

नवखे बहुधा या चुका करतात:

- मागितलेली किंमत हाच भाव समजतात. तुम्ही पूर्ण झालेल्या लिलावांचे आकडे पाहा.
- १८८१ च्या सॅन फ्रान्सिस्को डॉलरसारख्या मुबलक नाण्यासाठी दर्जाच्या एका अंकाच्या फरकापोटी भरमसाट रक्कम मोजतात.
- डबीवरचा आकडा वाचतात, नाणे पाहत नाहीत. एमएस-६५ (कोऱ्या नाण्यांच्या ६० ते ७० या दर्जा-अंकांपैकी ६५) असा दर्जा असलेली दोन नाणी दिव्याखाली तिरकी धरा. स्वातंत्र्यदेवीच्या गालावर कमी ओरखडे असलेले निवडा, कारण पुढे विकतानाही गिऱ्हाईक आधी तिथेच पाहते.