परसबागेतला वाटा

या महिन्यात नाशिक शहरातून आलेली पत्रे वाचताना जाणवले की बहुतेकांना स्वतःच्या कुंड्यांविषयी फारसे विचारायचे नाही. आपल्याला मिळणारा आनंद मैत्रिणींपर्यंत, शेजाऱ्यांपर्यंत कसा पोहोचवावा, हे त्यांना विचारायचे आहे. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी इंदिरानगरला राहते. गच्चीवर भाज्या लावण्याचा मला छंद आहे. दसऱ्यानंतर टोमॅटोची रोपे तयार करून भिशीतल्या मैत्रिणींना मोठ्या हौसेने दिली; पण महिन्याभरात बहुतेकींची रोपे वाळली किंवा नुसतीच उंच वाढून लोळली. आपल्या हातून झाड जगतच नाही, असे आता त्या म्हणतात. त्यांचा उत्साह परत कसा आणावा?

उत्तर : आपल्या मैत्रिणींच्या हातांचा यात काहीही दोष नाही, हे त्यांना आधी आवर्जून सांगावे. टोमॅटो हे नवख्या माणसाला देण्याचे रोप नव्हे. त्याला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागते, खोल कुंडी लागते, वेळेवर आधार लागतो, आणि एवढे करूनही पहिले फळ हाती येण्यासाठी लावणीनंतर दोन-अडीच महिने वाट पाहावी लागते. सदनिकेची बाल्कनी पूर्वेला असेल तर तिथे दहा-साडेदहानंतर ऊन उरत नाही, आणि उत्तरेला असेल तर हिवाळ्यात ते मुळीच येत नाही. अशा ठिकाणी टोमॅटोचे रोप उजेडाच्या शोधात उंच व किडकिडे होते, आणि मग लोळते. तेव्हा काही देण्याआधी मैत्रिणीच्या घरी जावे, ऊन कुठे आणि किती वेळ पडते ते पाहावे, आणि मगच काय द्यायचे ते ठरवावे. माझ्या मते या सगळ्या देवघेवीतले हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि नेमके तेच बहुतेक वेळा राहून जाते.

जिथे तीन-चार तासच ऊन आहे, तिथे पालक, पुदिना, अळू यांची निवड करावी. ज्यांनी कधीच काही लावलेले नाही, त्यांना मात्र मेथीच द्यावी. मेथीचे दाणे प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात असतात. रात्रभर भिजवून पसरट कुंडीत पेरले की तीन-चार दिवसांत वर येतात आणि साधारण चार आठवड्यांत भाजी खुडता येते. घरच्या धण्यांची कोथिंबीरही लावता येते, पण धणे हलक्या हाताने रगडून दोन पाकळ्या वेगळ्या कराव्या लागतात आणि कोंब येण्यास आठ-दहा दिवस लागतात, हे आधीच सांगून ठेवावे. नाहीतर पाचव्या दिवशी बी खराब निघाले असे समजून कुंडी मोकळी केली जाते. पहिले यश लवकर मिळाले, तर पुढच्या हंगामात टोमॅटोसाठी धीर धरण्याची तयारी आपोआप होते.

यापुढे टोमॅटो देणारच असाल, तर रोप २५ ते ३० दिवसांचे आणि चार-सहा खऱ्या पानांचे (उगवताना येणारी पहिली दोन पाने सोडून) असताना द्यावे. देण्यापूर्वीचा आठवडाभर पाणी थोडे कमी करून ते हळूहळू पूर्ण उन्हात आणावे, म्हणजे नव्या जागी ते दचकत नाही. लावणी संध्याकाळी करावी आणि खोडाचा खालचा भाग मातीत गाडावा; टोमॅटोच्या खोडालाच मुळ्या फुटत असल्याने रोप भक्कम होते. नाशिकच्या हवेत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरले की टोमॅटोची वाढ जवळजवळ थांबते. उशिरा लावलेले रोप या दिवसांत मुकाट उभे राहते. ते मेलेले नसते. हे ठाऊक नसल्याने काळजीपोटी पाणी वाढवले जाते आणि मुळे कुजतात. रोप दिल्यानंतर दहा-बारा दिवसांनी सहज म्हणून एकदा पाहायला जावे. त्या एका भेटीत पुष्कळ रोपे वाचतात.

प्रश्न : मैत्रिणीकडून आणलेल्या जास्वंदीच्या फांदीबरोबर माझ्या वांग्या-मिरच्यांवर पांढरा कापसासारखा किडा आला. आता कुणाकडून काही आणूच नये का? (गंगापूर रोड)

उत्तर : अवश्य आणावे, पण आलेला पाहुणा दहा-पंधरा दिवस इतर कुंड्यांपासून दूर ठेवावा. आपण वर्णन केलेला किडा म्हणजे पिठ्या ढेकूण. तो पानांच्या बेचक्यात आणि खालच्या बाजूला दडतो, म्हणून फांदी घेताना आणि देतानाही पाने उलटून पाहावीत. सध्या जिथे दिसतो तिथे ओल्या फडक्याने पुसून काढावा, फार लागण झालेले शेंडे तोडून पिशवीत बंद करून टाकावेत, आणि एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा सौम्य साबण मिसळून आठवड्याच्या अंतराने संध्याकाळी फवारावे. कुंड्यांवर मुंग्यांची रांग असेल तर तिचाही बंदोबस्त करावा. मुंग्या त्या किड्याच्या गोड स्रावासाठी त्याचे रक्षण करतात.

प्रश्न : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या वस्तूंऐवजी बियाणे वाण म्हणून द्यावे, असे मनात आहे. कोणते द्यावे? घरच्या भाज्यांचे बी धरून दिले तर चालेल का? (पंचवटी)

उत्तर : आपली कल्पना मला मनापासून आवडली, कारण वाणाचा काळ आणि उन्हाळी भाज्यांच्या पेरणीचा काळ एकमेकांना अगदी लागून येतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते, आणि त्यानंतर थंडी ओसरली की भेंडी, गवार, काकडी, दोडका पेरण्याची वेळ होते. मात्र वाण मिळाल्याबरोबर, म्हणजे जानेवारीच्या मध्यात, भेंडी पेरली तर गार मातीत ती नीट उगवत नाही आणि बी वाया जाते. म्हणून प्रत्येक पुडीवर ‘थंडी ओसरल्यावर पेरावे’ असे स्पष्ट लिहावे. त्याखाली भाजीचे व तिच्या जातीचे नाव, बी धरल्याचा महिना आणि वर्ष, पेरणीची खोली आणि भेंडीचे असेल तर ‘रात्रभर भिजवून’ एवढे लिहिले की पुरे. पुडी कागदाचीच करावी. प्लास्टिकमध्ये ओल राहून बुरशी येते. एका बाल्कनीसाठी आठ-दहा बिया भरपूर होतात, तेव्हा मूठ मूठ भरून देण्याची गरज नाही.

घरचे बी धरण्याबाबत मात्र थोडे सविस्तर सांगावे लागेल. दुकानातून संकरित बियाणे आणून लावले असेल, तर त्याच्या फळातले बी पुढे देऊ नये. ते उगवते, पण पुढच्या पिढीत प्रत्येक झाड वेगळ्या गुणांचे निघते आणि घेणारीचा हिरमोड होतो. देशी किंवा सरळ (म्हणजे संकरित नसलेला) सुधारित वाण असेल, उदाहरणार्थ टोमॅटोत पुसा रूबी, तर त्याचे बी आईच्या गुणावर जाते. त्यातही घेवडा, वाटाणा, टोमॅटो, मेथी यांचे परागीकरण बहुतांशी त्याच फुलात होत असल्याने त्यांचे बी नवख्यांनीही निर्धास्तपणे धरावे. भेंडी आणि मिरचीत मधमाश्यांमुळे काही प्रमाणात मिसळ होते, म्हणून त्यांचा एकच वाण लावलेला असेल तरच बी ठेवावे.

दुधी, दोडका, काकडी यांची गोष्ट वेगळी आहे. या वेलींवर नर आणि मादी फुले स्वतंत्र असतात आणि पराग कुठून आला हे आपल्याला कळत नाही. त्यांचे बी धरायचे असेल, तर मादी कळी उमलण्याच्या आधी पातळ कापडाच्या पिशवीत बांधावी, उमलल्यावर त्याच वाणाच्या झाकून ठेवलेल्या नर फुलाचे पराग हाताने लावावेत आणि फळ धरेपर्यंत पिशवी ठेवावी. दुधीची फुले संध्याकाळी उमलतात, तेव्हा हे काम दिवेलागणीला करायचे असते. अशा वेलींच्या घरच्या बियांपासून क्वचित कडू फळ येते, आणि कडू दुधी ही नुसती चवीची बाब नाही. त्यातील विषारी द्रव्याने जोराच्या उलट्या व रक्तस्राव होऊन माणसे दगावल्याची उदाहरणे आपल्या देशात आहेत. चिरताना कच्चा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा, कडू लागला तर थुंकून संपूर्ण फळ टाकून द्यावे, आणि वाण देताना हे तोंडीही सांगावे.

टोमॅटोचे बी काढताना पूर्ण पिकलेल्या फळाचा गर थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस तसाच राहू द्यावा. वर पांढरट साय धरली आणि गराचे आवरण सुटले की बी धुऊन ताटलीत सावलीत वाळवावे. थंडीत एखादा दिवस जास्त लागतो. पूर्ण वाळल्यावर चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवण्याची आपली जुनी पद्धत आजही उत्तम आहे. आपल्या शेजारच्याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशाच घरगुती रीतींनी गावरान बियाणे राखले आणि इतर शेतकऱ्यांना दिले. बीजमाता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आपल्या वाणाच्या पुडीबरोबर त्यांची ओळख दोन ओळींत दिली, तर मुलाबाळांनाही ती वाचता येईल.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या मळ्यातल्या एका वेलाला इतके दोडके लागले की मैत्रिणी आता ‘नको’ म्हणू लागल्या. काय करावे? (मखमलाबाद)

उत्तर : दोडके कोवळे असतानाच, एक दिवसाआड काढावेत, जून दोडका दिला की घेणाऱ्याला ते ओझे वाटते. सरसकट वाटण्यापेक्षा ‘उद्या सकाळी तोडणार आहे, हवे तर या’ असा निरोप द्यावा, म्हणजे ज्यांना खरोखर हवे आहेत तेच येतात आणि स्वतःच्या हाताने तोडण्याची गंमतही त्यांना मिळते. सोबत शिरांच्या चटणीची कृती सांगितली तर सालीही वाया जात नाहीत. वेलावर दोन सुबक दोडके मात्र वाळेपर्यंत राखून ठेवावेत. पण परिसरात दुसरा वाण असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे कळी पिशवीत बांधून हाताने पराग लावलेल्या दोडक्यांचेच बी वाटावे.

प्रश्न : सिडकोतल्या आमच्या इमारतीत चार कुटुंबे मिळून गच्चीवर भाज्या लावणार आहोत. गच्चीच्या वजनाची काळजी वाटते, आणि पुढे वाटणीवरून कटुता येऊ नये असेही वाटते. (सिडको)

उत्तर : वजनाची काळजी रास्त आहे. १५ इंच रुंद व तितकीच उंच पिशवी निव्वळ मातीने भरून भिजवली, तर तिचे वजन ५० किलोच्या पुढे जाते. म्हणून आपल्याकडची काळी माती एकटी कधीच वापरू नये. ती जडही असते आणि ओली झाल्यावर पाण्याचा निचराही रोखते. माती, गांडूळ खत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा सम प्रमाणात घ्यावा. पिशव्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळयांच्या रेषेवर, कठड्याच्या कडेने ठेवाव्यात आणि खाली विटा देऊन पाणी वाहून जाण्यास वाट ठेवावी. काम सुरू करण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याकडून गच्ची तपासून घ्यावी आणि जलरोधक थर शाबूत आहे याची खात्री करावी.

कटुतेचे मूळ बहुधा पिशव्यांच्या वाटणीत असते. तुमची वांगी आणि आमची मिरची असे झाले, की ज्याच्या झाडाला रोग पडतो तो खट्टू होतो. त्याऐवजी कामे वाटावीत आणि सगळी झाडे सगळ्यांची ठेवावीत. पाणी घालण्याचे वार ठरवावेत. एप्रिल-मे महिन्यांत सकाळ-संध्याकाळ असे दोनदा पाणी लागते, तेव्हा सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी आपला वार कोणाला दिला हे आधी कळवावे. उन्हाळ्यात दुपारसाठी हिरवी जाळीही ताणावी लागेल, तिचा खर्च आधीच धरून ठेवावा. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात, म्हणून ते रोज कुंड्यांना घालू नये. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी चालते.

आणि एक वही गच्चीवरच ठेवावी. काय पेरले, केव्हा उगवले, कशाने बिघडले, हे ज्याला दिसेल त्याने त्यात लिहावे. श्री. अ. दाभोलकर या गणिताच्या प्राध्यापकांनी उभारलेला प्रयोग परिवार याच तत्त्वावर चालला. शेतकरी स्वतःच्या शेतात करून पाहिलेले एकमेकांना सांगत आणि महाराष्ट्रातल्या अनेक द्राक्ष बागायतदारांना त्याचा मोठा उपयोग झाला. चार कुटुंबांच्या गच्चीलाही ते तितकेच लागू पडते. तोडणीचा एक वार ठरवून त्या दिवशी चारही घरांतील माणसांनी एकत्र यावे, आणि ज्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल त्या घरचा वाटा आधी काढावा.