जांभळाचा साका, मधाची वाइन

प्रश्न: ताई, जूनमध्ये जांभळाची १० लिटर वाइन घातली होती. वरची निवळी काढून घेतली, तळाशी दोन बोटं साका उरलाय. यीस्टची पुडी दर वेळी बाहेरून मागवावी लागते, म्हणून टाकवत नाही. सासूबाई म्हणतात, विरजणासारखा हाही पुढच्याला लागेल. त्यावरच मध-पाणी ओतून मीड, म्हणजे मधाची वाइन, करू का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: सासूबाई बरोबर बोलल्या. फक्त आपण विरजण कुठलं घेतो ते आठवा: ताज्या, गोडसर दह्यातलं. चार दिवसांच्या आंबट दह्याचं लावलं की पुढचंही आंबट. यीस्टचंही तसंच. वाइनमधलं अल्कोहोल १३-१४ टक्क्यांपर्यंत चढलं असेल, तर साक्यातल्या बऱ्याच पेशी मेलेल्या आणि उरलेल्या थकलेल्या असतात. त्यांच्यावर एकदम दाट मध-पाणी ओतणं म्हणजे तापातून उठलेल्याला पंगतीत बसवून जिलबीचा आग्रह करणं.

मी स्वतः एकदा असंच थेट ओतलं होतं. बरणी दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी सडक्या अंड्यांसारखा वास. मधात नत्र जवळजवळ नसतंच, आणि उपाशी यीस्ट हा वास सोडतं. शिवाय जांभळाच्या सालीचा तुरटपणा मीडमध्ये उतरला, तो वर्षभर ठेवूनही गेला नाही. तीन किलो चांगला मध गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून आधी साका धुवा. त्याच्या दुप्पट, उकळून गार केलेलं पाणी घाला, बरणी हलवा आणि २० मिनिटं अजिबात हात लावू नका. सालं, गर, काळपट चोथा भराभर खाली बसतो. वर जे सायीच्या रंगाचं गढूळ पाणी राहतं, त्यातच यीस्ट आहे. ते उकळत्या पाण्यातून काढून गार केलेल्या बरणीत अलगद ओता, चोथ्याशी आलात की थांबा. पुन्हा एकदा हेच करा. फ्रिजमध्ये एका रात्रीत तळाशी पांढरट थर धरतो. झाकण सैल ठेवा, गॅस होतो. दोन-तीन आठवड्यांत वापरा.

मीडच्या आदल्या दिवशी पाव लिटर कोमट पाण्यात मोठा दीड चमचा मध, चिमूटभर यीस्टचं खाद्य (नत्र पुरवणारं यीस्ट न्यूट्रिएंट) आणि हा थर घाला. २४ तासांत फेस धरला तर पुढे जा. नाही धरला तर मोह न धरता नवी पुडी उघडा. मीडलाही खाद्य लागेलच, ते थोडं थोडं करून पहिल्या काही दिवसांत द्या.

वाइनमध्ये सल्फाइट (ती टिकावी म्हणून घालतात ते) घातलं असेल, व्हिनेगरचा वास येत असेल किंवा वर पापुद्रा धरला असेल, तर तो साका घेऊच नका. आणि पुढच्या वर्षी क्रम उलटा करा: आधी मीड, मग तिच्या साक्यावर जांभूळ. फिक्याचं यीस्ट गडदला चालतं. बरणीवर तारीख आणि कितवी फेरी ते लिहून ठेवा. तीन फेऱ्या झाल्या की मी नवी पुडी घेते.