साजिद मीरला चीनने वाचवलं तो व्हेटोच (नकाराधिकार) ना? मोठ्या देशांना हा हक्क असावाच का?

नाही, तो व्हेटो नव्हता. २६/११ च्या सूत्रधारांपैकी एक असलेल्या साजिद मीरला बंदी यादीत टाकायचा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या १२६७ समितीपुढे (दहशतवाद्यांवर निर्बंध घालणारी समिती) होता. तिथे परिषदेच्या १५ सदस्य देशांपैकी कुणीही, अगदी दोन वर्षांपुरता आलेला सदस्यसुद्धा, 'होल्ड' म्हणजे तात्पुरती स्थगिती लावू शकतो: आधी ६ महिने, वर आणखी ३. चीनने सप्टेंबर २०२२ मध्ये होल्ड लावला आणि जून २०२३ मध्ये प्रस्तावच अडवला. मधल्या ऑक्टोबरात सुरक्षा परिषदेची दहशतवादविरोधी समिती आपल्या ताजमध्येच बैठकीला बसली होती, हे विशेष!

खरा व्हेटो संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम २७ मध्ये आहे. ठरावाला ९ मतं हवीत आणि पाच कायम सदस्यांपैकी एकाचंही 'नाही' नको. तटस्थ राहिलेलं चालतं. कार्यपद्धतीच्या विषयांना व्हेटो लागू नाही.

असावा का? एकट्याच्या हातात नसावा. निदान दोघांचं 'नाही' लागावं. पण कलम १०८ नुसार सनद बदलायलाही त्याच पाचही जणांची मंजुरी लागते, तिथेच घोडं पेंड खातं. २०२२ पासून एवढंच झालंय की व्हेटो पडला की १० कामकाजाच्या दिवसांत आमसभा त्यावर चर्चेला बसते.