भिंत कोरडी, बोर्ड ओला

प्रश्न: आमचं घर चिपळूणजवळच्या गावात. जोराचा पाऊस लागला की डीबीत (घरभर वीज वाटणाऱ्या मेन बोर्डात) वरच्या पाइपातून पाणी ठिबकतं, भिंत मात्र कोरडी. वायरमनने पाइपाचं आतलं तोंड सिलिकॉन भरून बंद केलं, थोडे दिवस बरं होतं, आता बाजूच्या खोलीतल्या स्विचबोर्डातून पाणी येतंय! काय करू?

उत्तर: ताई, ते आतलं बूच आधी काढायला सांगा. पाणी थांबलं नाही, पाइपात साचलं आणि जिथे जोड सापडला तिथून बाहेर पडलं. पाणी अडवायचं ते बाहेरच. खांबावरची केबल जिथे पाइपात शिरते ते तोंड बहुतेक वर बघत असणार, नाहीतर पाइप घराकडे उतरता असणार, मग केबलवरून ओघळणारं पाणी सरळ आत. तोंडाला खाली वळलेला बेंड बसवायचा, पाइपाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायचा, आणि शिरण्याआधी केबलला खाली झोळ सोडायचा म्हणजे पाणी झोळाच्या तळाशीच गळून जातं. सील सगळ्यात शेवटी. सिलिकॉन न्यूट्रल घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारं तांब्याला खातं. गच्चीवर सोलर, डिश किंवा टाकीच्या पंपाचे पाइप असतील तर तेही बघा, बरेचदा चोर तिथेच सापडतो. बाहेरचं तोंड नीट बंद झालं की पाली आणि मुंग्याही डीबीत शिरत नाहीत, हा वरचा फायदा.

आणि हो, मेन स्विच पाडला तरी खांबापासून मीटरपर्यंतची केबल जिवंतच असते, तिला घरच्या कोणी हात लावू नये, वीज कंपनीच्या माणसालाच बोलवा. डीबीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर याच खेपेला बसवून घ्या.

प्रश्न: ठाण्यात आमच्या सोसायटीच्या इलेक्ट्रिक डक्टमध्ये (वायरी सगळ्या मजल्यांवर नेणाऱ्या उभ्या पोकळीत) इंटरनेटवाल्यांनी प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला भोकं पाडलीत. फोम मारून बुजवू का?

उत्तर: साधा पीयू फोम नको हो, तो पेटतो. उघडी डक्ट म्हणजे धुराची चिमणीच, खालच्या मजल्यावर वायर जळाली की धूर मिनिटांत वर. २०१६च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये अशी डक्ट मजल्यामजल्याला आग अडवणाऱ्या मटेरियलने बंद करायला सांगितलंय. फायर-रेटेड सीलंट मिळतं, त्यातले काही प्रकार तापले की फुगतात आणि केबलचं आवरण वितळून पडलेली फट भरतात. महाग आहे, पण इथे काटकसर नको. आणि पुढच्या वेळी कोणी केबल टाकायला आला तर भोक बुजवून दाखवल्याशिवाय कमिटीने त्याला सोडू नये.