कपाटातला लॅपटॉप आधी बाहेर काढा

तासगावहून लिहिणाऱ्या पालकांस सप्रेम नमस्कार.

आपला मुलगा अकरावी विज्ञान शाखेत आहे, दहावीला त्याला ८४ टक्के होते, यंदा पहिल्या सत्रात भौतिकशास्त्राचे गुण घसरले, आणि तो रात्र रात्र गावच्या कबड्डी संघाच्या जर्सीचे डिझाइन करत बसतो म्हणून आपण त्याचा लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावले, असे आपण कळवले आहे. गुणांची मला फारशी चिंता वाटत नाही, कारण ते अभ्यासाने भरून निघतील. चिंता वाटते ती याची, की दीड पानाच्या पत्रात पुतण्याच्या इंजिनिअरिंगचा उल्लेख चार वेळा आला आहे, भावकी काय म्हणेल हे दोनदा आले आहे, आणि मुलाच्या तोंडचे मात्र एकही वाक्य नाही. त्याने १२ खेळाडूंची मापे घेतली, सांगलीच्या छपाईवाल्याकडून जर्सी करून आणल्या, संघ त्या घालून खेळला, आणि आपण हे सारे ‘वेळ वाया घालवणे’ म्हणून लिहिले आहे. हाती घेतलेले काम १६ वर्षांच्या मुलाने तडीस नेले, याचा एक चांगला शब्द त्याला घरात ऐकायला मिळाला नसेल, तर तो आपल्याशी बोलेनासा झाला याचे मला नवल वाटत नाही.

‘मोबाइलमधले ॲप मिनिटभरात लोगो करून देते, मग माणसाला कोण पैसे देणार?’ असे आपण विचारता. ॲपने दिलेले चित्र जर्सीवर चढेपर्यंत बरेच काम उरते. संघाचे चिन्ह व्हेक्टर पद्धतीने, म्हणजे ठिपक्यांऐवजी गणिती रेषांनी रेखाटावे लागते. तरच ते टोपीवर नीट उतरते आणि २० फुटी फ्लेक्सवर फुटत नाही. जर्सीची छपाई बहुधा सब्लिमेशनने होते. कागदावर उलटे छापलेले डिझाइन साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला कापडावर दाबले, की शाईची वाफ होऊन ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. सुती कापडावर ती टिकत नाही, आणि या शाईत पांढरा रंग नसल्यामुळे कापड पांढरे किंवा अगदी फिकट रंगाचेच घ्यावे लागते. पुढचा भाग, पाठ आणि बाह्या वेगवेगळ्या छापून मग शिवतात, तेव्हा छातीवरचा पट्टा शिलाईपाशी बाहीच्या पट्ट्याला जुळला पाहिजे, आणि तोही प्रत्येक मापात.

आपण पाठवलेल्या छायाचित्रातले वाघाचे डोके ठसठशीत आहे, पण मिशा इतक्या बारीक आहेत की भरतकामात त्यांचा नुसता गुंता होईल. पाठीवरचा क्रमांक तर सरळ चुकला आहे. मरून रंगावरचा गडद निळा आकडा पंचांना अंगणाच्या कडेवरून वाचता येणार नाही. हे त्याला जरूर सांगा. वाघ इंटरनेटवरून जसाच्या तसा उचलला आहे का, हेही विचारा, कारण दुसऱ्याचे चिन्ह गिरवणे ही या व्यवसायात चोरीच आहे.

बारावीनंतर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट, डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड आणि उपयोजित कलेसाठी, म्हणजे जाहिरात-वेष्टनासारख्या कामांच्या कलाशिक्षणासाठी, राज्याची सीईटी या प्रवेशपरीक्षांचे मार्ग आहेत. पहिल्या दोन्हींना कोणत्याही शाखेची बारावी चालते, त्यामुळे विज्ञान शाखा आत्ताच सोडू नये.

केवळ जर्सीवर पोट भरण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही. गावोगावच्या संघांचे काम हंगामी असते आणि पैसे उधारीवर राहतात. त्याने अक्षररचना, रंग आणि छपाई यांचा पाया पक्का करावा. हा पाया तासगावच्या बेदाण्याच्या खोक्यालाही लागतो आणि इचलकरंजीच्या कापडालाही.

लॅपटॉप आज संध्याकाळीच परत द्या. रात्री दहानंतर तो बंद आणि भौतिकशास्त्राला रोज एक तास, एवढी अट पुरे. येत्या रविवारी त्याच्याबरोबर सांगलीच्या त्या छपाईवाल्याकडे स्वतः जा आणि गरम प्रेसखालून कापड बाहेर येताना शेजारी उभे राहा. पुढचे पत्र त्याला लिहू द्या.